अपेक्षित वारंवारता कोणाची? : महाविद्यालयीन संशोधनातील काय-वर्ग कसोटीच्या वापराची चिकित्सा

बीजसंज्ञा : काय-वर्ग कसोटी, अपेक्षित वारंवारता, असमान संभाव्यता, रायगड जिल्हा, जनगणना 2011

प्रस्तावना

वाणिज्य, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, ग्रंथालयशास्त्र या विषयांतील महाविद्यालयीन संशोधनात काय-वर्ग कसोटीइतकी लोकप्रिय कसोटी दुसरी नाही. त्याचे कारण उघड आहे. या विषयांतील संशोधकाच्या हाती बहुधा मोजदाद असते : इतक्यांनी ‘होय’ म्हटले, इतक्यांनी ‘नाही’, इतके ग्रामीण, इतके नागरी. मध्यमान आणि प्रमाण विचलन काढावे अशी सामग्री त्याच्याजवळ नसते आणि काय-वर्गाचे सूत्र एका ओळीत मावते. निरीक्षित वारंवारतेतून अपेक्षित वारंवारता वजा करावी, फरकाचा वर्ग करावा, त्याला अपेक्षित वारंवारतेने भागावे आणि सर्व रकान्यांची बेरीज घ्यावी. आलेली संख्या तक्त्यातील संख्येपेक्षा मोठी असेल तर शून्य परिकल्पनेचा त्याग, लहान असेल तर स्वीकार. प्रबंधाचे चौथे प्रकरण इतक्यावर उभे राहू शकते आणि अनेकदा उभे राहतेही.

या सूत्रात दोन राशी आहेत. निरीक्षित वारंवारता मिळवण्यासाठी संशोधक गावोगाव हिंडतो, प्रश्नावल्या भरून घेतो, त्या तपासतो. अपेक्षित वारंवारता मात्र तो क्षणात मिळवतो. एकूण संख्येला रकान्यांच्या संख्येने भागले की काम झाले. पाचशे प्रतिसादक, पाच गट, म्हणून प्रत्येक गटात शंभर अपेक्षित. ही अपेक्षा कोणाची, कशावरून, याचे उत्तर प्रबंधात शोधूनही सापडत नाही. प्रस्तुत लेखात या सवयीची चिकित्सा केली आहे. असमान अपेक्षित संभाव्यता घेऊन कसोटी कशी लावावी हा गणिताचा प्रश्न म्हणून सोपा आहे. ती असमान संभाव्यता कोठून आणावी हा मात्र संशोधनाच्या अंतरंगाचा प्रश्न आहे आणि तो आजवर परिशिष्टातदेखील स्थान मिळवू शकलेला नाही.

कसोटीचा जन्म आणि पाठ्यपुस्तकी संस्कार

कार्ल पिअर्सन यांनी ही कसोटी 1900 साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये मांडली. त्यातील एक प्रसिद्ध उदाहरण वेल्डन यांच्या फाशांचे आहे. बारा फासे एकत्र घेऊन ते 26,306 वेळा टाकण्यात आले आणि दर वेळी पाच किंवा सहा हे आकडे किती फाशांवर आले याची नोंद झाली. एकाही फाशावर न येणे, एकावर येणे, दोहोंवर येणे, असे बारापर्यंतचे हे रकाने समान संभाव्यतेचे असूच शकत नाहीत. बाराही फाशांवर पाच किंवा सहा येणे ही दुर्मीळ घटना, चार फाशांवर येणे ही नित्याची. पिअर्सन यांनी प्रत्येक रकान्याची अपेक्षा द्विपद वितरणावरून काढली. तात्पर्य, ही कसोटी जन्माला आली तीच असमान अपेक्षा घेऊन. समान अपेक्षा हा तिचा एक विशेष प्रकार आहे. आपल्याकडे या विशेष प्रकारालाच नियमाचे स्थान मिळाले.

याचे एक कारण पाठ्यपुस्तकांच्या परंपरेत आहे. हेन्री गॅरेट यांचे मानसशास्त्र व शिक्षणशास्त्रातील संख्याशास्त्रावरील पुस्तक भारतीय शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत कित्येक पिढ्यांनी वापरले. त्यात निरीक्षित वारंवारतेची तुलना समान वितरणाच्या परिकल्पनेशी कशी करावी आणि सामान्य वितरणाच्या परिकल्पनेशी कशी करावी, हे दोन प्रकार सोडवून दाखवले आहेत. मराठी प्रबंधांत ‘समान वितरण परिकल्पना’ आणि ‘सामान्य वितरण परिकल्पना’ ही जोडी याच वळणाने स्थिरावली. पुस्तकात जे उदाहरण म्हणून होते ते प्रबंधांत सूची म्हणून आले आणि दोनच प्रकार आहेत अशी समजूत रूढ झाली. जनगणना, जन्मनोंदणी, पटसंख्या अशा बाहेरच्या ज्ञात प्रमाणावरून अपेक्षा बांधण्याचा तिसरा मार्ग त्यामुळे शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्याही नजरेआड राहिला.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. त्याच महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेत वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी ही कसोटी पहिल्यापासून असमान अपेक्षेनेच शिकतो. मेंडेल यांच्या वाटाण्याच्या प्रयोगात 556 दाण्यांपैकी 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे आणि 32 सुरकुतलेले-हिरवे होते. अपेक्षित प्रमाण 9:3:3:1. त्यानुसार अपेक्षित संख्या 312.75, 104.25, 104.25 आणि 34.75 येतात आणि काय-वर्गाचे मूल्य 0.47 भरते. चारही रकान्यांत 139 दाणे अपेक्षित धरावेत असे या विद्यार्थ्याच्या स्वप्नातही येणार नाही, कारण 9:3:3:1 यामागे आनुवंशिकतेचा सिद्धान्त आहे हे त्याला ठाऊक असते. (हीच जुळणी वाजवीपेक्षा अधिक चांगली आहे अशी शंका रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली मेंडेल यांच्या एकूण आकडेवारीविषयी घेतली, हा भाग निराळा.) व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, वाणिज्य शाखेत, तीच कसोटी सिद्धान्ताविना वापरली जाते. दोन्ही विभागांचे प्राध्यापक एकाच शिक्षक-कक्षात चहा घेतात, एवढे मात्र खरे.

पाच तालुक्यांचे उदाहरण

रायगड जिल्ह्याच्या उत्तर भागातील पनवेल, उरण, कर्जत, खालापूर आणि पेण हे पाच तालुके घेऊ. 2011 च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे 7,50,236, 1,60,303, 2,12,051, 2,07,464 आणि 1,95,454 आहे. एकूण 15,25,508. यात एकट्या पनवेलचा वाटा 49.18 टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मा आहे. खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती याच तालुक्यात येतात, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही.

आता समजा, या पाच तालुक्यांत बँक ग्राहकांचे सर्वेक्षण झाले आणि 500 प्रतिसाद आले. पुढील निरीक्षित संख्या केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरल्या आहेत. अपेक्षित संख्या मात्र जनगणनेच्या प्रमाणावरून काढल्या आहेत.

| तालुका | निरीक्षित | अपेक्षित (समान) | अपेक्षित (लोकसंख्येनुसार) |
|---|---|---|---|
| पनवेल | 200 | 100 | 245.90 |
| उरण | 80 | 100 | 52.54 |
| कर्जत | 75 | 100 | 69.50 |
| खालापूर | 75 | 100 | 68.00 |
| पेण | 70 | 100 | 64.06 |

समान अपेक्षा धरल्यास काय-वर्गाचे मूल्य 125.5 येते. स्वाधीनता मात्रा 4 असता 0.05 स्तरावर तक्त्यातील मूल्य 9.488 आहे. शून्य परिकल्पनेचा त्याग होतो आणि प्रबंधात वाक्य येते : ‘पनवेल तालुक्यातील ग्राहकांचा प्रतिसाद इतर तालुक्यांच्या तुलनेत लक्षणीयरीत्या अधिक आहे.’ लोकसंख्येच्या प्रमाणात अपेक्षा धरल्यास काय-वर्गाचे मूल्य सुमारे 24.6 येते. येथेही त्याग होतो. दोन्ही ठिकाणी ‘सार्थक फरक’ हेच शब्द छापले जातील आणि परीक्षक दोन्हींवर सारखीच खूण करतील.

परंतु दोन्हींचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. पहिल्या हिशेबात पनवेल शंभराने पुढे आहे. दुसऱ्या हिशेबात पनवेल सुमारे 46 ने मागे आहे. पहिल्यात उरण वीसने मागे होते, दुसऱ्यात ते 27 हून अधिक प्रतिसादांनी पुढे आहे. इतकेच नव्हे, 24.6 पैकी 14.35 इतका भाग एकट्या उरणच्या रकान्यातून येतो आणि 8.57 पनवेलमधून, कर्जत, खालापूर आणि पेण या तिघांचा मिळून वाटा पावणेदोनच्या आत आहे. संशोधकाने विचारावयाचा प्रश्न उरणविषयीचा होता. तेथे बंदरामुळे बँक खाती अधिक, की सर्वेक्षकाचे घर तिकडे म्हणून प्रश्नावल्या अधिक? समान अपेक्षेने हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. तिने फक्त एवढेच सिद्ध केले की पनवेल हा मोठा तालुका आहे, आणि त्यासाठी कसोटीची गरज नव्हती.

समान अपेक्षा सर्वत्र चुकीची असते असे नव्हे. एकाच दराच्या तीन वस्तू एकत्र मांडून ग्राहकाला निवड करू दिली, तर कोणाकडेही कल नाही या परिकल्पनेचे रूप समान वितरण हेच होय. मात्र तेथेही ती परिकल्पना आहे, तटस्थ आरंभबिंदू नव्हे. महिन्यांनुसार मोजदाद करणाऱ्याने फेब्रुवारीला जुलैइतकेच दिवस बहाल केले तर त्याची ‘समान’ अपेक्षा पहिल्याच पायरीवर असमान होते.

भाजकाचा प्रश्न

वरील उदाहरणात लोकसंख्या हा भाजक म्हणून निर्विवाद वाटतो. तो तसा नसतो. बँक ग्राहकांच्या सर्वेक्षणात अपेक्षा एकूण लोकसंख्येवरून बांधावी, प्रौढ लोकसंख्येवरून की खातेधारकांच्या संख्येवरून? प्रत्येक भाजक निराळे उत्तर देतो. ग्राहकांच्या बाबतीत या फरकाने फारसे काही बिघडत नाही. प्रवेश, शिष्यवृत्ती, गळती अशा विषयांत बिघडते.

समजा, रायगड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात 1000 विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी 70 अनुसूचित जमातींचे आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठीच्या आरक्षणाचे प्रमाण 7 टक्के आहे. ते अपेक्षित मानले तर अपेक्षित संख्या 70, निरीक्षित 70 आणि काय-वर्गाचे मूल्य शून्य. जुळणी याहून चांगली असू शकत नाही. 2011 च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे 9.35 टक्के होता. तो अपेक्षित मानल्यास काय-वर्गाचे मूल्य सुमारे 6.5 येते आणि स्वाधीनता मात्रा 1 साठीच्या 3.841 या मूल्यापेक्षा ते मोठे आहे. रायगड जिल्ह्यात हा वाटा सुमारे 11.6 टक्के होता. तो अपेक्षित मानल्यास काय-वर्गाचे मूल्य 20 च्या पुढे जाते. महाविद्यालय एक, विद्यार्थी तेच, कसोटीही तीच. परंतु एका अहवालात ‘सामाजिक प्रतिनिधित्व समाधानकारक’ असे लिहिता येते आणि दुसऱ्यात ‘तीव्र न्यूनता’ असे. दोन्ही अहवालांत गणिताची एकही चूक नाही.

येथे निवड करणे संशोधकाला टाळता येत नाही आणि त्याने ती उघडपणे केली पाहिजे. आरक्षणाचे प्रमाण ही शासकीय तरतूद आहे. त्या तरतुदीचे पालन झाले काय, एवढाच प्रश्न असेल तर 7 टक्के हा भाजक रास्त ठरतो. जिल्ह्यातील आदिवासी मुलामुलींपर्यंत उच्च शिक्षण पोहोचले काय, असा प्रश्न असेल तर तो रास्त नाही. तेथे तरतुदीलाच वास्तवाचे माप मानण्याची चूक होते. जिल्ह्याचे प्रमाणही जसेच्या तसे उचलता येणार नाही. पनवेल तालुक्यात नागरी वस्ती मोठी असल्याने येथील प्रमाण कर्जत किंवा सुधागडसारखेच असेल असे गृहीत धरणे योग्य नव्हे. विद्यार्थी ज्या तालुक्यांतून येतात त्यांच्या प्रमाणांना विद्यार्थिसंख्येचा भार देऊन अपेक्षा बांधावी लागेल. हे काम एका दुपारचे आहे, पण ते करावे लागते.

याहून अवघड असा आणखी एक भाजक आहे : बारावी उत्तीर्ण झालेल्यांतील अनुसूचित जमातींचा वाटा. महाविद्यालयाच्या बाजूने पाहता हाच भाजक न्याय्य वाटेल, कारण जो बारावी झालाच नाही त्याला प्रवेश कसा देणार? हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु रायगडमधील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या हंगामात मुलाबाळांसह स्थलांतर करतात आणि त्या मुलांची शाळा मध्येच सुटते. बारावी उत्तीर्णांचा भाजक घेतला की ही मुले निरीक्षित रकान्यातूनही जातात आणि अपेक्षित रकान्यातूनही. मग जुळणी उत्तम येते. अपेक्षित वारंवारता ज्या पायरीवर मोजली, तिच्या खालच्या सर्व पायऱ्यांवरील वगळणूक कसोटीला दिसत नाही. हा कसोटीचा दोष नव्हे. कोणत्या पायरीवरून मोजायचे हे तिला कोणीतरी सांगावे लागते आणि ते सांगणाऱ्याने आपण सांगितल्याचे मान्य करावे लागते.

यासोबत आणखी एक मुद्दा येतो. महाविद्यालयाची पटसंख्या हा यादृच्छिक नमुना नाही. ती संपूर्ण गणना आहे. तेव्हा येथे कसोटी लावताना ‘जणू हे विद्यार्थी अमुक लोकसमूहातून यदृच्छेने आले’ अशी कल्पना करून निरीक्षित फरक त्या कल्पनेत बसतो काय, एवढेच पाहिले जाते. शिवाय काय-वर्गाचे मूल्य संख्येवर अवलंबून असते. 1000 पैकी 70 ऐवजी 100 पैकी 7 असतील तर जिल्ह्याच्या प्रमाणाशी तुलना करूनही मूल्य सुमारे 2 येते आणि ‘सार्थक फरक नाही’ असा निष्कर्ष लिहिला जातो. लहान महाविद्यालय त्यामुळे अधिक न्यायी ठरत नाही.

जन्माच्या वेळचे लिंग-गुणोत्तर हे याच जातीचे, पण उलट दिशेने जाणारे उदाहरण होय. गर्भलिंग निदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या सहा वर्षे आधी केला. तरीही राज्यातील 0 ते 6 वयोगटाचे लिंग-गुणोत्तर 2001 मध्ये 913 होते ते 2011 मध्ये 894 वर आले. विषय गंभीर आहे आणि म्हणूनच त्यावरील संशोधनात अपेक्षा काटेकोर हवी. निसर्गतः दर 100 मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात. म्हणजे मुलग्यांची अपेक्षित संभाव्यता 0.512 आहे, 0.5 नव्हे. एखाद्या रुग्णालयात 1000 जन्मांपैकी 540 मुलगे असतील तर निम्म्या-निम्म्या अपेक्षेने काय-वर्गाचे मूल्य 6.4 येते आणि संशयाची सुई फिरते, 0.512 आणि 0.488 या अपेक्षेने ते 3.14 येते आणि 0.05 स्तरावर परिकल्पना टिकते. चुकीच्या अपेक्षेवर आधारलेला आरोप तपासात टिकत नाही, आणि तो एकदा कोसळला की पुढच्या खऱ्या आरोपाकडेही दुर्लक्ष होते.

लहान रकान्यांची अडचण

समान अपेक्षेच्या लोकप्रियतेमागे आळसाखेरीज एक सोयही आहे. तिच्यामुळे लहान रकाने दिसत नाहीत. रायगडच्या पंधराही तालुक्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाने 150 प्रतिसादक घेतले तर समान अपेक्षेने प्रत्येक तालुक्यात 10 येतात आणि ‘प्रत्येक रकान्यात किमान 5’ हा पाठ्यपुस्तकी नियम आपोआप पाळला जातो. लोकसंख्येनुसार अपेक्षा काढताच चित्र पालटते. 26,34,200 लोकसंख्येच्या जिल्ह्यात तळा तालुक्याची लोकसंख्या 40,619 आहे; त्याच्या वाट्याला 2.3 येतात. पोलादपूरला 2.6, म्हसळ्याला 3.4, सुधागडला 3.6, मुरुडला 4.2 आणि श्रीवर्धनला 4.7. पंधरापैकी सहा रकाने पाचच्या खाली जातात. पनवेलला मात्र 42.7 मिळतात.

अपेक्षित संख्या लहान असताना काय-वर्गाचे वितरण कितपत विश्वसनीय राहते, या प्रश्नाच्या इतिहासात एक मराठी नाव आहे, याची जाणीव आपल्या वर्गांत क्वचितच करून दिली जाते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 साली जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पां. वा. सुखात्मे यांनी लंडन येथील संशोधनकाळात, 1938 साली, प्वासाँ मालिकेतील नमुन्यांमध्ये काय-वर्गाचे वितरण कसे असते यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे आहार आणि दारिद्र्य यांच्या मोजमापावरील वादांमुळे ते सर्वज्ञात झाले. हे आरंभीचे काम मागे पडले. विल्यम कॉक्रन यांनी 1954 साली पाचाचा नियम वाजवीपेक्षा कडक असल्याचे सांगून, पाचांतील एखादाच रकाना पाचपेक्षा कमी असेल तर किमान अपेक्षा 1 पर्यंत चालू शकते, अशी सवलत सुचवली. वरील उदाहरणात पंधरापैकी सहा, म्हणजे पाचांतील दोन रकाने लहान आहेत. कॉक्रन यांची सवलतही येथे पुरत नाही.

उपाय दोन. पहिला रकाने एकत्र करण्याचा. म्हसळा आणि श्रीवर्धन, पोलादपूर आणि महाड, तळा आणि माणगाव, सुधागड आणि रोहा, मुरुड आणि अलिबाग अशी जोडणी भूगोलाला धरून आहे आणि तीनंतर एकही रकाना पाचच्या खाली राहत नाही. ती आकडे पाहण्यापूर्वी ठरवावी लागते. निरीक्षित संख्या पाहून सोयीची जोडणी करणे म्हणजे उत्तर आधी लिहून गणित मागून सोडवणे होय. दुसरा उपाय संगणकावर अनुकरणाने संभाव्यता काढण्याचा. आजच्या साधनांत तो उपलब्ध आहे.

संगणकाची मूक संमती

आता संगणकाचा वाटा. एसपीएसएस या प्रणालीत या कसोटीचा संवादपट उघडताच ‘सर्व गट समान’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. संशोधक पुढे जातो आणि प्रणालीची पूर्वनिवड त्याची परिकल्पना होऊन बसते. असमान मूल्ये भरण्याची सोय त्याच संवादपटावर आहे, पण ती गटांच्या सांकेतिक क्रमांकांच्या चढत्या क्रमाने भरावी लागतात. पनवेलला 3 आणि उरणला 1 हा क्रमांक दिला असेल आणि मूल्ये मात्र पनवेलपासून भरली, तर पनवेलचा निम्मा वाटा उरणला जातो. प्रणाली तक्रार करीत नाही.

आर या प्रणालीतील धोका अधिक विलक्षण आहे. तेथे असमान संभाव्यता ‘पी’ या नावानेच द्याव्या लागतात आणि त्यांची बेरीज 1 नसेल तर प्रणाली अडते, हे चांगलेच. परंतु संभाव्यतांऐवजी अपेक्षित वारंवारतांची यादी दुसरी राशी म्हणून नुसतीच पुढे ठेवली, तर प्रणाली ती जुळणीची कसोटी समजतच नाही. दोन चलांमधील स्वतंत्रतेची कसोटी समजून ती पाच जोड्यांचा तक्ता मांडते. वरच्या पाच तालुक्यांच्या उदाहरणात ही चूक केल्यास काय-वर्गाचे मूल्य 24.6 ऐवजी 15 आणि स्वाधीनता मात्रा 4 ऐवजी 12 येते. संभाव्यता 0.24, म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार. 500 प्रतिसादांचे संपूर्ण विश्लेषण पाच निरीक्षणांचे होऊन बसते. पाच गटांच्या कसोटीत स्वाधीनता मात्रा 12 कशी, एवढा एक प्रश्न मौखिक परीक्षेत विचारला गेला तरी ही चूक उघडी पडेल.

वारंवारतेऐवजी टक्केवारी भरण्याची चूक जुनी आहे, तिचा केवळ उल्लेख पुरे. 500 प्रतिसादांची टक्केवारी भरली की ते 100 प्रतिसाद होतात आणि 24.6 चे 4.9 होते, सार्थक फरक निरर्थक ठरतो.

अलीकडे जनगणनेशी जुळणी ‘नमुना प्रातिनिधिक आहे’ हे दाखवण्यासाठीही वापरली जाते. गुगल फॉर्म व्हॉट्सॲप गटांवर पाठवून आलेले प्रतिसाद स्त्री-पुरुष प्रमाणाशी जुळले, म्हणून नमुना प्रातिनिधिक, असा तो युक्तिवाद. जुळणी एका चलाची झाली. स्मार्टफोन, शिक्षण, उत्पन्न, मोकळा वेळ यांविषयी ती काहीच सांगत नाही आणि शून्य परिकल्पनेचा त्याग न होणे म्हणजे ती सिद्ध होणे नव्हे.

अपेक्षेचे वर्ष

शेवटी, बाहेरून आणलेल्या प्रमाणालाही वय असते. 2011 च्या जनगणनेनंतर पनवेल बदलले. 2016 साली येथे महानगरपालिका स्थापन झाली आणि विमानतळाच्या कामाने तालुक्याच्या दक्षिण-पश्चिम भागाचे रूप पालटले. 2021 ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 अशी अधिसूचित करण्यात आली. दरम्यानच्या काळात रायगडवर लिहिलेल्या प्रत्येक प्रबंधातील ‘अपेक्षित’ संख्या, ती लोकसंख्येवरून काढलेली असली तर, 2011 च्या रायगडची आहे. पनवेलचा 49.18 टक्के वाटा आज अधिक असण्याचीच शक्यता आहे, आणि तसे असेल तर वरील उदाहरणातील पनवेलची 46 ची तूट प्रत्यक्षात याहून मोठी भरेल. तेव्हा प्रबंधाच्या तक्त्यात ‘अपेक्षित वारंवारता’ या शीर्षकाखाली स्रोत आणि वर्ष छापलेले नसेल, तर मार्गदर्शकाने तो तक्ता स्वाक्षरी न करता परत पाठवावा.